चूलबंद फौज

गोरेगावात आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, डेगा, पराती, पाण्याचे ड्रम, ताटं, ग्लास, कार्यक्रमाला जे लागतं ते सगळं भाड्याने देतो. नवरा टेम्पो चालवतो. मी याद्या, माल आणि माणसं सांभाळते. कोणत्या डेगेला पोचा आलाय, कोणाकडे झारा राहिलाय, कोणत्या लग्नातून एक ताट जास्तीचं परत आलंय, हे सगळं मला विचारायचं. हे आधीच सांगते, कारण पुढे जादूगार, सांगाडे आणि मंत्रशक्ती येणार आहे, आणि ही बाई त्यात कशी पडली असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

माझी मुलगी खेळ बनवते. मोबाइलवरचा नव्हे, पुठ्ठ्याच्या पटावरचा, दोघांनी समोरासमोर बसून खेळायचा. आधी ती पुण्यातल्या एका कंपनीत रात्रपाळीला फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. ते काम सोडून घरी आली ती एक पिशवी कपडे आणि एक गुंडाळलेला नकाशा घेऊन. गावात विचारतात, "पोरगी काय करून राहिली सध्या?" मी सांगते, खेळ बनवते. मग पुढचा प्रश्न येतो, "जत्रेत दुकान लावता का?" आता मी सरळ हो म्हणते. वेळ वाचतो.

घरी आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो, पण इथे सगळं मराठीत लिहिते. 'याडी' तेवढं ठेवते. आमच्यात आईला याडी म्हणतात.

खेळ असा. दोन राज्यं, मधे नदी. प्रत्येक राज्याचे पाच मुलूख आणि एक राजधानीचा किल्ला. समोरच्याचा किल्ला घेतला की जिंकलात; आत दाणा असेल तर किल्ला दर खेळीला एक खाऊन दार लावून टिकतो. किल्ल्यांसाठी तिने हळकुंडाचे जाड तुकडे उभे केले, सैन्याच्या तुकड्यांसाठी माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली, धान्यासाठी तुरीचे दाणे. तुकडी एका खेळीत एकच मुलूख चालते आणि दर खेळीला एक दाणा खाते. दाणा पिकतो मागे, लागतो पुढे. तो बैलांवर लादून पुढे न्यायचा. बैलांची साखळी तुटली की पुढची फौज उपाशी, आणि उपाशी तुकडी पटावरून उठते.

बैल तिने फार मन लावून केले होते. पुठ्ठा कापून रंगवलेले, पाठीवर गोण्या, कपाळावर कवड्यांचे ठिपके. आम्ही तांड्याची माणसं. आमचे वाडवडील बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. राजांच्या फौजांमागेही त्यांचेच तांडे असायचे. फौज कुठवर जाणार ते आमच्या बैलांना विचारून ठरायचं, अशी बढाई माझे आजोबा मारायचे. मुलीने त्या बढाईचा खेळ केला.

पण जादू नसेल तर आजकाल कोणी खेळायला बसत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून प्रत्येक राज्याला एक जादूगार दिला. तो दर खेळीला थोडी मंत्रशक्ती साठवतो. पुरेशी साठली की आवाहन करतो, म्हणजे पटावर कुठेही, अगदी शत्रूच्या दारातसुद्धा, सांगाड्यांच्या नव्या तुकड्या उभ्या करतो.

माझ्या धाकट्या भावाचं कळमनुरीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. संगणकावरचे लढाईचे खेळ तो लग्नाआधीपासून खेळतोय. राक्षस, सांगाडे, उडते साप, सगळ्यांच्या फौजा त्याने उभ्या केल्या आहेत. एका रविवारी तो आला, नियम ऐकले आणि गोदामात ताडपत्र्यांच्या थप्पीवर पट मांडून भाचीसमोर बसला. शेजारी शेंगांची वाटी.

"मामा, बैल लावा ना," मुलगी म्हणाली.

"कशाला?"

"मग धान्य कसं नेणार?"

"न्हाई न्यायचं. मंत्र साठवला. तू खेळ."

तिने नदीवर पूल बांधला. दोन कोठारं भरली. बैलांची साखळी अर्ध्या पटापर्यंत आणली. दिसायला फार सुंदर होती. भाऊ दर खेळीला एक शेंग फोडायचा आणि म्हणायचा, "मंत्र साठवला." मग एकदा त्याने हातावरची फोलपटं झटकली, मुठीतली सगळी बटणं तिच्या किल्ल्याभोवती ओतली आणि मला म्हणाला, "आवाहन. किल्ला आपला. बाई, चहा ठेव."

"पण यांनी खाल्लं काय?" मी विचारलं.

"सांगाडे हाईत ते. सांगाडे खातेत व्हय?"

"आले कुठून?"

"जादूतून."

"उतरले कुठं? पाणी कुठं प्याले? मागं कोण हाय यांच्या?"

"बाई, हे लगीन न्हाई. डेगा मोजू नको."

मुलीने हातातला बैल खाली ठेवला. ती पटाकडे बघत होती. तिकडे पूल होता, कोठारं होती, बैल होते, आणि कशाचाच काही उपयोग उरला नव्हता.

"मग मी बैल काहून केले?" ती म्हणाली.

तो प्रश्न मला लागला, कारण तो माझ्या धंद्यातला होता. चालत येणारी माणसं टप्प्याटप्प्याने येतात. धूळ दिसते, वर्दी लागते, विहिरीवर गर्दी व्हायला लागते, तेवढ्यात आपण चुलाणावर आणखी एक डेग चढवतो. पाठीमागे रस्ता असतो म्हणून परतही जाता येतं. हवेतून एकदम उभी राहणारी फौज या सगळ्या पायऱ्याच काढून टाकते. मग रस्ता कोणी बांधायचा, पूल कोणी राखायचा, कोठार कोणासाठी भरायचं? अख्खा नकाशा एका दारात येऊन बसतो आणि बाकीचा पट नुसता शोभेला उरतो. भावाच्या संगणकातल्या खेळांत हे चालत असेल. तिथे सांगाड्यांची फौज उठते, लढते, विरते, आणि हिशेब फक्त मंत्रशक्तीचा. पण हा खेळ बैलांचा होता.

त्याच आठवड्यात पुण्याहून मेल आला. पटावरचे खेळ छापणाऱ्या लोकांनी हिने पाठवलेले पटाचे फोटो बघितले होते, त्यांना खेळ आवडला होता. छापायचा का, ते ठरवण्याआधी त्यांची एक अट होती. खेळ कधीही न पाहिलेली दोन माणसं बसवायची, त्यांच्या हातात नुसते छापील नियम द्यायचे आणि खेळू द्यायचं. बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. सगळं मोबाइलवर चित्रित करून महिनाअखेर पाठवायचं.

"आणि मामासारखं कोणी बसलं तर?" मुलगी म्हणाली. "चार खेळ्यांत डाव संपणार. ते बघून कोण छापेल? याडी, हे जमलं न्हाई तर मी परत रात्रपाळीला जाते. त्या कंपनीचा फोन येऊन गेला."

तिने गोदामातून एक रिकामा खोका आणला, त्यावर 'खेळ' असं लिहिलं आणि माळ्याच्या शिडीखाली ठेवला. नाही जमलं तर सगळं त्यात भरून वर. मला ते मुळीच पटलं नाही. एक तर माझी पोरगी. दुसरं म्हणजे तो ग्लासांचा खोका होता, आणि ग्लास उघड्यावर पडले होते.

मग आम्ही दुरुस्तीला लागलो. मी म्हटलं, सांगाड्यांनाही दाणा लाव. लावला, तर आवाहन महाग पडायला लागलं आणि कोणी करेचना. जादूगार नुसता दाढी घेऊन बसलेला. "याडी, तू तर मजाच काढून टाकली," मुलगी म्हणाली. तिने मंत्रशक्ती जास्त लागेल असं केलं. भावाने जास्त शेंगा खाल्ल्या, जास्त वाट पाहिली आणि तसाच जिंकला. मग तिने ठरवलं की सांगाडे थोड्या खेळ्यांनी आपोआप विरतील. भाऊ म्हणाला, "मला तेवढा वेळ कुठं लागतो?" आणि पुन्हा चहा मागितला. त्या रविवारी मी त्याला चहा दिला नाही. पाणी दिलं.

अशात नरसी नामदेवच्या रस्त्याला एका शेतात रोडग्यांचं जेवण निघालं. नवसाचं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वरण, वांग्याची भाजी, वरून तूप. निखाऱ्यातला रोडगा कोणाची घाई ऐकत नाही. मालकाने सांगितलं होतं, घरटी एक माणूस. त्या मापाने मी डेगा आणि ताटं काढली, आचाऱ्याने कणीक मळली. गिऱ्हाईक नवं होतं म्हणून टेम्पोबरोबर मी स्वतः गेले.

आवतण द्यायला मालकाचा धाकटा भाऊ फिरला होता. नवस त्याच्याच लेकराचा, त्यामुळे गडी खुशीत होता. पहिल्याच घरी एका म्हातारीने विचारलं, "एकच माणूस व्हय रे?" तो विरघळला आणि म्हणाला, "एक काहून? चूलबंद या!" चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारे, लेकरं, आलेले पाहुणे, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. आता एका घराला चूलबंद म्हटल्यावर शेजारच्या घराला कमी कसं म्हणणार? त्याने अख्ख्या आळीला चूलबंद सांगितलं आणि घरी येऊन कोणाला काही बोलला नाही.

दुपारी बांधावरून माणसं येताना दिसली. ती येतच राहिली. कडेवर लेकरं, काठी टेकत म्हातारे, नव्या सुनांचे माहेरचे लोकसुद्धा. मालक माझ्याजवळ आला. घामाने डबडबला होता.

"ताई, आता वो?"

"पाणी हाय. ताटं विसळून फिरवू. सतरंज्या टेम्पोत आणखी हाईत," मी म्हटलं. "खायला कमी पडणार. आळीत कोणाला तरी धाडा. दर घरून थोड्या भाकरी थापून आणा."

हा जुना तोडगा. कार्यात कमी पडलं की आळीतल्या चुली मदतीला येतात. मालक स्वतः मोटारसायकल घेऊन गेला आणि लगेच परत आला.

"ताई, आळीत निस्ती कुलपं. एक चूल पेटलेली न्हाई."

पेटणार कशी? ज्यांनी पेटवायची त्या सगळ्या इथे चिंचेच्या सावलीत पंगत धरून बसल्या होत्या.

मी जिथे होते तिथेच उभी राहिले. समोर माणसं होती, हवी त्यापेक्षा जास्त, आणि ती हाकेसरशी एकदम आली होती. पण ती कुठून तरी उठून आली होती. जिथून उठली तिथे आता राख थंड होती. माणूस आणि त्याची चूल एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. भावाचे सांगाडे मला आठवले, आणि पंगतीसमोर उभ्या उभ्या मला हसू आलं. मालकाला वाटलं, ताईंना ऊन लागलं.

आधी काम केलं. पंगतीच्या एका टोकाला गेले आणि मोठ्याने म्हटलं, "ज्यांची घरं रस्त्याच्या कडेला हाईत त्या बाया उठा. घरी जा, भात टाका, पिठलं करा, घेऊन या."

"आमाला चूलबंद सांगितलंय!"

"सांगितलंय, खरं हाय. आता उघडा चुली."

"बघा गं बाई," ती पहिल्या घरची म्हातारी म्हणाली, "मानानं बोलवायचं आन् चुलीकडं धाडायचं. असं आवतण मी जन्मात पाहिलं न्हाई." आणि हसत, गुडघ्यावर हात टेकवून, सगळ्यांच्या आधी तीच उठली. मी त्या बायांना टेम्पोत बसवून पाठवलं. तोवर इकडे लेकरांची पंगत उठवली. पिठलं-भात आला, रोडगे निखाऱ्यातून निघाले, आणि ऊन उतरायच्या आत शेवटचा माणूस ढेकर देऊन बांध ओलांडून गेला. ताटं पूर्ण मिळाली. एक झारासुद्धा हरवला नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोतूनच मी मुलीला फोन लावला.

"तुझे सांगाडे येतात कुठून?"

"याडी, परत तेच? जादूतून."

"न्हाई. आळीतून येतात."

सगळं सांगितलं. पलीकडे पटावर बटणं सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांब. म्हणजे बोलवायचं तर आपल्याच मुलखातून बोलवायचं. आणि बोलावलं की त्या मुलखाची चूल बंद."

"व्हय. तिथून दाणा न्हाई, बैल न्हाई."

"आणि ते घरून जेवून आले असतील. पहिली खेळी खाणार न्हाईत. दुसरीपासून मागतील."

हे मला सुचलं नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, टेम्पो जरा दाब.

घरी पोचले तेव्हा तिने सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करून ठेवली होती. एका बाजूला जाळ रंगवला, दुसरी बाजू काळी. प्रत्येक मुलखावर एक झाकण, जाळ वर. तिथून फौज बोलावली की झाकण उलटं. त्या तुकडीला परत पाठवलं तर पुढच्या खेळीला जाळ पुन्हा वर. आता आवाहन करायला मंत्रशक्ती थोडीच लागणार होती. कोणीही करावं, केव्हाही करावं. फक्त मागे राख होते, हे लक्षात ठेवून करावं.

भाऊ आला, शेंगा घेऊन बसला आणि नेहमीप्रमाणे सगळे मुलूख रिकामे करून बटणं ओतली. भाचीने किल्ल्यात दाणा भरून ठेवला होता, ती दार लावून बसली. पुढच्या खेळीला त्याच्या सांगाड्यांना भूक लागली आणि तो मागे वळून बघतो तर पाच काळी झाकणं. तो हरला, मग जेवला, मग पुन्हा खेळायला बसला आणि पुन्हा हरला.

"हे माझ्या संगणकात काहून न्हाई?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी फुकट फौजा उठवून राहिलो."

"चहा ठेवू?" मी विचारलं.

"ठेव. पण आधी तिला इचार, पाचातले दोनच बोलवले तर काय व्हतं?"

पण घरच्या माणसाने वाहवा केली म्हणून काही छापत नाहीत. दोन अनोळखी माणसं हवी होती. म्हणजे खेळाला अनोळखी. गोरेगावात आम्हाला अनोळखी कोणीच नाही.

पहिला सापडला जीपवाला. गोरेगाव-सेनगाव-हिंगोली अशी त्याची जीप चालते, आणि ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही. ऊन असो, पाऊस असो, आतल्या बाईला कळा येत असोत, "अजून दोन बसतील" म्हणून तो उभा. दुसऱ्या आल्या त्या इथल्या शाळेतल्या मॅडम. हिंगोलीहून रोज त्याच्याच जीपने येतात-जातात, आणि पुढच्या सीटवर बसून घड्याळाकडे बघण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय, असं त्या स्वतःच म्हणतात. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर जीप भरेपर्यंत वेळच वेळ. त्या "जयभीम, ताई" म्हणत गोदामात आल्या, समोर जीपवाला दिसला आणि म्हणाल्या, "इथंही हेच?"

"या मॅडम, सीट राखून ठेवलीय," तो म्हणाला.

भावाने मोबाइल ताटांच्या रॅकवर टेकवून सुरू केला. मुलगी आणि मी लांब खुर्च्यांवर. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. माझा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून मी तोंडात सुपारी धरली.

मॅडमनी वर्गात वाचावेत तसे नियम मोठ्याने वाचले. जीपवाला मधे मधे, "व्हय, पुढं." "नकाशा समजला, पुढं." मग तो नियम आला. मुलीने माझा हात पकडला. इथेच लोक अडकतील अशी तिला भीती होती. किती वेळा लिहून किती वेळा खोडलं होतं तिने ते.

"ज्या मुलखातून फौज बोलवाल," मॅडम वाचत होत्या, "तो मुलूख चूलबंद होईल."

"चूलबंद!" जीपवाल्याने मांडीवर थाप मारली. "हे तर आपलंच हाय. सगळे जेवायला गेले, घरी कोण न्हाई. पुढं."

मुलीने माझा हात सोडला.

मॅडमनी पहिल्या खेळीपासून बैल जुंपले. एकेक मुलूख, एकेक दाणा, मागचं पक्कं करून पुढचं पाऊल. जीपवाल्याने दोन-तीन खेळ्या मंत्र साठवला. मग त्याला राहवेना.

"बसा, बसा, सगळे बसा!" पाचही मुलखांतली बटणं त्याने मॅडमच्या किल्ल्याला भिडवली. "अजून दोन बसतील. हां. आता बोला."

"हीच सवय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हात पुढे करून त्याची पाचही झाकणं उलटी केली आणि किल्ल्यातले दाणे मोजून दार लावलं.

पहिली खेळी किल्ला टिकला. दुसऱ्या खेळीला जीपवाल्याने दाण्यासाठी हात मागे नेला. हात तसाच राहिला.

"ए, दाणा कुठंय?"

"गाव रिकामं केलंत तुम्ही. दाणा कोण देणार?"

"परत पाठवता येतेत न्हाई का?"

"येतात. लिहिलंय."

तो विचारात पडला. "छ्या! बसवलेली माणसं उतरवायची? आजवर उतरवली न्हाईत." त्याने नाही पाठवली. बटणं एकेक करत उठायला लागली. मॅडमची साखळी नदी ओलांडून सावकाश, बैलाच्याच चालीने, पलीकडे गेली आणि त्याच्या उघड्या किल्ल्यात शिरली.

"सुटली का जीप?" मॅडमनी विचारलं.

माझी सुपारी घशात जाता जाता राहिली. मुलगी मात्र हसत नव्हती. ती जीपवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हरलेला माणूस आता काय करतो, यावर सगळं होतं. तो उठला. चपला पायात सरकवल्या. दाराकडे गेला. बाहेरून आवाज आला, "ओ भाऊ, चला ना! भरली जीप! अजून कोणाला बसवता, टपावर?"

मुलीने डोळे मिटले. नजर नको तिकडे जाते तशी माझी शिडीखालच्या खोक्याकडे गेली.

"थांबा जरा!" जीपवाला बाहेर ओरडला. "हितं फौज अडकलीय!" आणि चपला काढून परत येऊन बसला. "मांडा, मॅडम. ह्या वेळी मी बी बैल जुपतो."

भरलेली जीप थांबली. गोरेगावच्या स्टँडवर असं कधी झालं नव्हतं. माणसं उतरून गोदामात आली, आधी शिव्या द्यायला, मग बघायला. कोणी जीपवाल्याच्या मागे उभे राहिले, कोणी मॅडमच्या. "एकाच मुलखातून बोलव रे, बाकीच्या चुली पेटत्या ठेव." "परत धाड, परत धाड, आता धाड!" या वेळी त्याने दोनच मुलखांतून फौज बोलावली, मॅडमचा पूल तोडला आणि दुसऱ्याच खेळीला एक तुकडी घरी पाठवली. पुढच्या खेळीला स्वतःच्या हाताने झाकण सुलटं केलं. जाळ वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी चष्मा पुसला आणि पदर खोचून बसल्या. डाव इतका अटीतटीचा झाला की शेवटी जीपवाल्याचा किल्ला एका दाण्यावर उभा होता आणि मॅडमच्या किल्ल्यात तोही नव्हता.

"किल्ला आपला!" त्याने दोन्ही हात वर केले.

"एक-एक झाला," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी तिसरा. आणि सोमवारी जीप वेळेवर सोडा, सकाळी शाळेआधी खेळू."

"वेळेवर?" मागून कोणीतरी म्हणालं. "मॅडम, आधी जादूच शिका मग."

मुलीचं तोंड अजून बंदच होतं. भावाने मोबाइल बंद केला आणि म्हणाला, "बोल आता." ती पटावरचे बैल एकेक उचलून पुसायला लागली. मी सुपारी थुंकून आले आणि दोन डेगांत चहा ठेवला, कारण जीपभर माणसं होती आणि ती सगळी आमच्या हाकेने आली होती.

पुण्याचं उत्तर यायला थोडे दिवस लागले. मेल छोटा होता. पहिला डाव पाहिला, आवडला. दुसरा जेवण थांबवून पाहिला. खेळ आम्ही छापतो. एक विनंती, 'चूलबंद' हा शब्द बदलू नका, त्याचा अर्थ आम्हाला नियम वाचून नाही, तुमच्या जीपवाल्याच्या मांडीवरच्या थापेने कळला.

मुलीने तो मेल आधी मला वाचून दाखवला, मग तिच्या बापाला टेम्पोत, मग भावाला फोनवर. भाऊ म्हणाला, छापतील तेव्हा मागे लिहा की मामा हरला म्हणून हा खेळ झाला. रात्रपाळीच्या कंपनीला तिने एका ओळीत कळवलं, येत नाही. मग ती माळ्याच्या शिडीकडे गेली, खोका काढला, त्यावरचं 'खेळ' खोडलं आणि खाली 'ग्लास' लिहिलं.

मी ग्लास मोजून त्यात भरले. दुसऱ्या दिवशी सेनगावला लग्न होतं.